संघ सोडलेल्या देशाच्या सीमेवर नाके उभारणे कायद्याने बंधनकारक असते का?

अर्धविराम यांचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यावर एक दीर्घ टिपण लिहिताना मी एका मुद्द्यावर अडून बसलो आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतापासून ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सीमेविषयी तीन विधाने सतत कानांवर पडत होती. पहिले असे की, जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार त्या सीमेवर तपासणी नाके उभारावेच लागतील. दुसरे असे की, उत्तर आयर्लंडमधला हिंसक संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारामुळे तेथे नाके उभारता येणारच नाहीत. तिसरे असे की, ब्रिटिश संसदेने २०१८ साली केलेल्या माघार कायद्याच्या दहाव्या कलमाने अशा नाक्यांना थेट बंदी घातली आहे.

ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील, तर ब्रिटिश सरकारपुढे कुठला ना कुठला कायदा मोडण्यावाचून मार्गच नव्हता असा निष्कर्ष निघतो, आणि तो मला पटत नाही. सुमारे ५०० किलोमीटर लांबीची, दोनशेहून अधिक ठिकाणी रस्त्यांनी ओलांडली जाणारी ती सीमा आहे. लंडन, डब्लिन आणि ब्रसेल्स या तिघांनीही ‘आम्हांला तेथे नाके नको आहेत’ असे जाहीरपणे सांगितले होते. मग कोणालाच नको असलेला नाका उभारायला नेमके कोण भाग पाडत होते? हे बंधन बाहेर पडणाऱ्या देशावर असते, की मागे राहणाऱ्यांवर? राजकीय मते मला ठाऊक आहेत. कृपया कलमे आणि निकाल यांच्या आधारे उत्तर द्यावे.

तळटीप यांचे उत्तर

पहिले विधान ज्या स्वरूपात केले गेले त्या स्वरूपात चुकीचे आहे, पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे, म्हणून ते इतके टिकले.

जागतिक व्यापार संघटनेचा मालाच्या व्यापाराविषयीचा मूळ करार म्हणजे गॅट. त्याचे पहिले कलम एवढेच सांगते की, एखाद्या देशाच्या मालाला तुम्ही जी सवलत द्याल तीच सवलत संघटनेच्या इतर सर्व सदस्यांच्या तशाच मालाला द्यावी लागेल. सीमाशुल्क संघ आणि मुक्त व्यापार क्षेत्र यांना या नियमातून सूट आहे आणि ती कलम २४ मध्ये आहे. देश संघात असेपर्यंत या सुटीच्या छपराखाली उभा असतो. पर्यायी करार न करता बाहेर पडला की छप्पर जाते. त्यानंतर आयर्लंडहून येणाऱ्या लोण्यावर शून्य शुल्क ठेवायचे असेल, तर न्यूझीलंडच्या लोण्यावरही ते शून्यच ठेवावे लागेल. मात्र हे शुल्क सीमेवरच वसूल करा, तेथे अडसर लावा, प्रत्येक ट्रक उघडून पाहा, असे गॅटचे एकही कलम म्हणत नाही. उलट २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झालेला व्यापार सुलभीकरण करार, शक्य तेथे जोखमीनुसार निवडक मालच तपासावा असे सांगतो.

याचा प्रत्यक्ष दाखला १३ मार्च २०१९ रोजी मिळाला. करार न होता बाहेर पडावे लागले तर काय करायचे, यासाठी ब्रिटिश सरकारने त्या दिवशी एक तात्पुरती शुल्कव्यवस्था जाहीर केली. तीत मूल्याच्या हिशेबाने ८७ टक्के आयात शुल्कमुक्त होणार होती आणि आयर्लंडहून थेट उत्तर आयर्लंडमध्ये येणाऱ्या मालावर शुल्क किंवा तपासणी काहीच असणार नव्हते. खरा वाद उरलेल्या १३ टक्क्यांचा होता. तेच मांस किंवा तीच मोटार ब्राझील वा जपानहून ब्रिटनच्या बंदरात आली तर शुल्क, आणि आयर्लंडच्या सीमेवरून आली तर माफी, हा भेदभाव पहिल्या कलमात बसवणे फार अवघड होते. लगतच्या देशांमधील सीमावर्ती व्यवहारांना सवलत देणारे कलम २४ चे तिसरे उपकलम काहींनी पुढे केले, पण ते शब्द सीमेलगतच्या स्थानिक देवघेवीसाठी आहेत. त्यांवर संपूर्ण उत्तर आयर्लंडचा व्यापार तोलता येईल असे मला वाटत नाही. शांतता धोक्यात येईल या कारणासाठी सुरक्षेचे कलम २१ वापरता आले असते का, हा प्रश्न त्यापेक्षा रोचक आहे. रशिया आणि युक्रेन यांच्यातील मालवाहतुकीच्या वादात ५ एप्रिल २०१९ रोजी आलेल्या पॅनेल अहवालाने स्पष्ट केले की, हे कलम पुढे केले म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. युद्ध किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांतील आणीबाणी खरोखर होती का, हे पॅनेल तपासू शकते.

शिवाय या संघटनेकडे स्वतःचे पोलीस नाहीत. एखाद्या सदस्य देशाने तक्रार केली तरच दावा उभा राहतो, तो वर्षानुवर्षे चालतो, आणि डिसेंबर २०१९ पासून तर तिच्या अपील मंडळात निकाल देण्यापुरते सदस्यही नाहीत. तेव्हा ‘जिनिव्हाचा (म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा) नियम नाका उभारायला लावतो’ हे वर्णन अतिशयोक्तच आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला कळीचा वाटतो. खरे बंधन मागे राहणाऱ्या देशावर होते आणि ते युरोपीय कायद्यातून येत होते. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या कलम २८ नुसार संघ हा सीमाशुल्क संघ आहे. एका सदस्याच्या सीमेतून आत आलेला माल पुढे कोठेही न अडता फिरतो, त्यामुळे आयर्लंडची सीमा ही पोलंडची, स्पेनची आणि ग्रीसचीही सीमा ठरते. ती सताड उघडी ठेवण्याचा अधिकार एकट्या डब्लिनला नाही. सीमाशुल्क संहिता, म्हणजे नियमावली ९५२/२०१३, थेट लागू होते आणि तिची अंमलबजावणी टाळणाऱ्या सदस्याला युरोपीय आयोग कलम २५८ खाली न्यायालयात खेचू शकतो.

यातही एक बारकावा आहे. शुल्काचा भरणा, विवरणपत्रे आणि कागदांची छाननी सीमेपासून दूर, देशाच्या आतल्या कार्यालयात करता येते. संहितेत त्याला पुरेशी जागा आहे. पण जिवंत जनावरे आणि प्राणिजन्य पदार्थ यांच्याबाबत नियमावली २०१७/६२५ ही पळवाट ठेवत नाही. असा माल ठरलेल्या नियंत्रण चौकीतूनच आत यावा लागतो आणि भौगोलिक अडचणीचे अपवाद सोडले, तर ही चौकी प्रवेशस्थळाच्या अगदी निकट असावी असे कलम ६४ सांगते. आयर्लंड बेटावर दूध, गुरे आणि मांस यांचा व्यापार सीमेच्या आरपार चालतो. म्हणून सारी कोंडी शुल्कापेक्षा पशुवैद्यकीय नियमांत अधिक होती, आणि वृत्तपत्रांतल्या चर्चेत नेमकी हीच बाब सर्वांत कमी आली.

बाहेर पडणाऱ्यावरचे बंधन किती सैल असते हे पुढच्या घडामोडींनी दाखवले. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघाने ग्रेट ब्रिटनच्या मालावर पहिल्या दिवसापासून पूर्ण नियंत्रणे लावली. ब्रिटनने मात्र उलट दिशेने येणाऱ्या मालाची तपासणी वारंवार पुढे ढकलली. संघातून येणाऱ्या मध्यम जोखमीच्या अन्नपदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२४ पासून मागितली गेली आणि त्यांची प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ रोजी सुरू झाली. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ अन्नपदार्थांच्या बाबतीत ते दार बरेचसे उघडेच होते. इतर देशांच्या मालाला तपासणी आणि शेजाऱ्याच्या मालाला सूट, असा भेदभावाचा आक्षेप त्यावर घेता आला असता, पण त्यामुळे ब्रिटनला नाके उभारण्याची सक्ती करणारी कोणतीही यंत्रणा पुढे आली नाही.

जुनी फाईल यांचे उत्तर

तळटीप यांच्या मांडणीशी मी सहमत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानाविषयी मी लिहितो, कारण तेथे मूळ मजकूर न वाचता बोलणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

आधी इतिहास पाहू. त्या सीमेवर सीमाशुल्काचे नाके १ एप्रिल १९२३ पासून होते. ते उठले गुड फ्रायडे करारामुळे नव्हे, तर १ जानेवारी १९९३ रोजी एकल बाजारपेठ सुरू झाल्यामुळे, म्हणजे त्या कराराच्या पाच वर्षे आधी. करारानंतर हळूहळू हटले ते लष्करी नाके आणि टेहळणीचे मनोरे. लोकांच्या आठवणीत हे दोन्ही प्रकारचे नाके एकमेकांत मिसळले आहेत आणि ते स्वाभाविकही आहे. रस्त्यावर थांबवणारा माणूस कोणत्या खात्याचा, याला गाडीत बसलेल्याच्या लेखी फारसा अर्थ नसतो. पण कायद्याच्या वाचनात हा फरक पुसून चालत नाही.

करारातील सुरक्षाविषयक भाग लष्करी आस्थापना हटवण्याबद्दल बोलतो. ‘सीमाशुल्काची तपासणी होणार नाही’ असे वाक्य त्यात कोठेही नाही. करार झाला तेव्हा दोन्ही देश युरोपीय संघात होते आणि ते तसेच राहतील हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, म्हणून कोणी तसे लिहिण्याची गरजच मानली नाही. करार उघडी सीमा गृहीत धरतो, असा युक्तिवाद करता येतो आणि मला तो वजनदारही वाटतो. परंतु गृहीतक आणि बंधन यांत अंतर असते. २४ जानेवारी २०१७ च्या मिलर निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, १९९८ च्या उत्तर आयर्लंड कायद्याचे पहिले कलम तेथील जनतेला युनायटेड किंग्डममध्ये राहायचे की संयुक्त आयर्लंडमध्ये जायचे एवढ्याच निवडीचा हक्क देते. युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी त्यांची वेगळी संमती त्या कलमाने लागत नाही. करार न करता बाहेर पडणे हा गुड फ्रायडे कराराचा भंग आहे, असा दावा पुढे बेलफास्टच्या उच्च न्यायालयात करण्यात आला. १२ सप्टेंबर २०१९ रोजी तो फेटाळला गेला आणि हा विषय प्रामुख्याने राजकारणाच्या कक्षेतला असल्याचे न्यायाधीशांनी नमूद केले.

मग ‘नाके नकोत’ हे वचन लिखित स्वरूपात आले कोठे? ते आले ८ डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात. हार्ड बॉर्डर टाळण्याची आणि त्यात भौतिक बांधकाम तसेच संबंधित तपासण्याही येतात हे मान्य करण्याची ग्वाही ब्रिटनने तेथे दिली. तो वाटाघाटींच्या प्रगतीचा अहवाल होता, आंतरराष्ट्रीय तह नव्हता.

तिसऱ्या विधानातले दहावे कलमही लोक सांगतात त्याहून बरेच अरुंद आहे. ते सीमेवरच्या नाक्यांवर सरसकट बंदी घालत नाही. माघार कायद्यातील ठरावीक कलमांखाली मंत्र्यांना नियम करण्याचे जे अधिकार मिळाले, त्यांचा वापर करून, बाहेर पडण्याच्या दिवसापूर्वी अस्तित्वात नसलेले आणि युरोपीय संघाशी झालेल्या कराराला धरून नसलेले बांधकाम किंवा तपासण्या आणता येणार नाहीत, एवढेच ते म्हणते. दुसरा एखादा कायदा करून संसद हवे ते करू शकत होती, आणि संघाशी करार झाला तर याच कलमानुसार तपासण्याही चालल्या असत्या. म्हणजे तुमच्या तीन विधानांपैकी एकही जसेच्या तसे उभे राहत नाही आणि तुम्हांला खटकणारा विरोधाभासही त्याबरोबरच जातो.

जाता जाता एक गोष्ट. वरील सारी चर्चा मालाविषयी आहे. माणसांच्या येण्याजाण्याचा प्रश्न तेथे फारसा उद्भवलाच नाही, कारण दोन्ही देशांमधील सामाईक प्रवास क्षेत्र १९२० च्या दशकापासून चालत आलेले आहे, युरोपीय संघाच्या जन्माआधीपासून. दोघेही शेंगेन या युरोपातील पासपोर्ट-तपासणीमुक्त क्षेत्रात कधी नव्हते, आणि ८ मे २०१९ रोजी त्यांनी एका सामंजस्य करारावर सह्या करून ती व्यवस्था पुन्हा लिहून घेतली. टिपणात माल आणि माणसे ही दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत, अशी माझी सूचना आहे.

अर्धविराम

आपणा दोघांचे मनापासून आभार. बंधन मागे राहणाऱ्यावर अधिक असते ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. आता दोन उपप्रश्न. एक, ब्रिटन निदान सीमाशुल्क संघात राहिला असता तर तपासण्या टळल्या असत्या का? दोन, शेवटी जी सीमा आयरिश समुद्रात गेली, म्हणजे ग्रेट ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली, ती कायद्यात बसली कशी? २०१८ च्या सीमापार व्यापार कर कायद्याचे कलम ५५ तर स्पष्ट म्हणते की, उत्तर आयर्लंडला ग्रेट ब्रिटनपासून वेगळे सीमाशुल्क क्षेत्र बनवणारी कोणतीही व्यवस्था सरकारने स्वीकारणे बेकायदेशीर आहे.

सातबंदरे यांचे उत्तर

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते: नाही, निम्म्याच टळल्या असत्या. तुर्कस्तान ३१ डिसेंबर १९९५ पासून औद्योगिक मालापुरता युरोपीय संघाबरोबर सीमाशुल्क संघात आहे, तरीही बल्गेरियाच्या सीमेवरील कापीकुले येथे ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागतात, कारण कच्चा शेतमाल त्या व्यवस्थेत नाही आणि मालवाहतुकीचे परवाने वेगळे लागतात. नॉर्वेचे नेमके उलट आहे. तो एकल बाजारपेठेत आहे पण सीमाशुल्क संघात नाही, त्यामुळे मालाची मानके जुळतात, तरी शुल्क आणि मालाचे मूळ यांची तपासणी राहते. स्वीडनबरोबरची त्याची सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा सुरळीत चालते ती दोन्ही देशांच्या कस्टम्स अधिकाऱ्यांना एकमेकांच्या वतीने काम करू देणाऱ्या जुन्या करारामुळे; पण स्विनेसुंड येथे आजही कस्टम्सची कचेरी आहे. तंत्रज्ञान सगळे अदृश्य करील असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहावे. शुल्क, मूळ, मूल्यवर्धित कर आणि अबकारी, तसेच आरोग्य व मानके हे चार वेगवेगळे थर आहेत. मुक्त व्यापार करार त्यांपैकी फक्त पहिला थर उचलतो आणि दुसऱ्याचे काम वाढवतो. १ जानेवारी २०२१ पासून तात्पुरता लागू झालेला ब्रिटन-युरोपीय संघ व्यापार करार शून्य शुल्काचा आहे, पण तो माल खरोखर ब्रिटनमध्ये किंवा संघात तयार झाला आहे हे दाखवावे लागते.

दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील माघार कराराला जोडलेल्या, ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरलेल्या उत्तर आयर्लंडविषयीच्या प्रोटोकॉलच्या मसुदाकारांनी एक कसरत केली. कलम ४ म्हणते की, उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमच्या सीमाशुल्क क्षेत्राचाच भाग आहे. लगेच कलम ५ म्हणते की, युरोपीय संघाची सीमाशुल्क संहिता तेथे लागू राहील आणि ग्रेट ब्रिटनमधून आलेला जो माल पुढे संघात जाण्याची जोखीम असेल त्यावर संघाचे शुल्क लागेल. नाव एकाचे, नियम दुसऱ्याचे. कलम ५५ च्या आधारे स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये मनाईची मागणी झाली होती. ती १८ ऑक्टोबर २०१९ रोजी नाकारली गेली. पुढे संसदेने माघार करारालाच देशी कायद्याचे बळ दिल्यावर तो मुद्दा व्यवहारात संपला.

सर्वांत टोकदार आव्हान १८०० सालच्या एकीकरण कायद्याच्या आधारे आले. त्याचा सहावा अनुच्छेद ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड येथील प्रजाजनांना व्यापारात समान पायरीवर ठेवतो, आणि समुद्रातली तपासणी त्या समानतेला छेद देते, असा दावा होता. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. न्यायालयाने छेद जात नाही असे म्हटले नाही, हे लक्षात घ्यावे. त्याचे म्हणणे असे की, संसदेने नंतर केलेला कायदा स्पष्ट आहे, आणि प्रोटोकॉल लागू असेपर्यंत जेथे विसंगती येईल तेथे जुना अनुच्छेद त्याच्यापुढे नमतो. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्येच राहावे असे मानणाऱ्या युनियनवादी पक्षांना हे जिव्हारी लागले आणि त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे: दोनशे वर्षांहून जुने वचन एका कलमाच्या वाटेने निलंबित झाले होते.

तपासण्या थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हेही एकदा न्यायालयातच गेले. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडचे कृषिमंत्री एडविन पूट्स यांनी बंदरांवरील अन्नपदार्थांच्या तपासण्या बंद करण्याचा आदेश दिला; दोनच दिवसांत बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि तपासण्या चालू राहिल्या. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, अंतर्गत बाजारपेठ विधेयक आंतरराष्ट्रीय कायदा ‘विशिष्ट आणि मर्यादित प्रकारे’ मोडते, अशी कबुली तत्कालीन मंत्री ब्रँडन लुईस यांनी थेट हाउस ऑफ कॉमन्समध्ये दिली होती. वादग्रस्त कलमे त्याच डिसेंबरमध्ये मागे घेतली गेली. युरोपीय आयोगाचाही पाय एकदा घसरला: २९ जानेवारी २०२१ रोजी लशींच्या निर्यातीवरून त्याने प्रोटोकॉलचे संरक्षक कलम १६ वापरण्याचे जाहीर केले आणि काही तासांत माघार घेतली. ज्या सीमेवर काही उभारायचे नाही म्हणून वर्षानुवर्षे खल झाला, तीच सीमा बंद करण्याचा विचार एका संध्याकाळी होऊ शकला.

२७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर चौकटीने या व्यवस्थेतले काटे बोथट केले. उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी मार्गिका आणि पुढे जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल मार्गिका, अशी विभागणी अन्नपदार्थांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र कलम १८ कडे विशेष लक्ष द्यावे. प्रोटोकॉलमधील व्यापारविषयक कलमे चालू ठेवायची का, यावर उत्तर आयर्लंडच्या विधानसभेला ठरावीक काळाने मतदान करता येते. असे पहिले मतदान १० डिसेंबर २०२४ रोजी झाले आणि ४८ विरुद्ध ३६ मतांनी ती चालू राहिली. दोन्ही समाजगटांचा पाठिंबा न मिळाल्याने ही मुदत आठऐवजी चारच वर्षांची आहे.

वाटसरू यांचे उत्तर

एकाच उदाहरणावरून नियम काढू नये, म्हणून पश्चिम आफ्रिकेकडे लक्ष वेधतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी २८ जानेवारी २०२४ रोजी इकोवास हा पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक संघ तत्काळ सोडत असल्याचे जाहीर केले. संघाच्या सुधारित कराराचे कलम ९१ एक वर्षाची लेखी सूचना मागते, त्यामुळे संघाच्या हिशेबाने त्यांचे सदस्यत्व २९ जानेवारी २०२५ रोजी संपले. त्याच दिवशी संघाने उरलेल्या सदस्यांना सांगितले की, पुढील सूचना मिळेपर्यंत या तीन देशांच्या मालाला पूर्वीचीच शुल्कसवलत द्यावी आणि त्यांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ द्यावे.

म्हणजे येथे मागे राहणाऱ्यांनी आपणहून सीमा आहे तशी ठेवली. ब्रसेल्सला जे अशक्य वाटले ते येथे एका निवेदनाने कसे झाले? माझ्या मते एक कारण असे की, हे तिन्ही देश सीएफए फ्रँक हे चलन वापरणाऱ्या आठ देशांच्या पश्चिम आफ्रिकी आर्थिक व चलन संघात कायम आहेत आणि त्या संघाचे बाह्य शुल्क समान आहे. एक छप्पर गेले, तरी दुसरे डोक्यावर होते. शिवाय तिन्ही देशांना समुद्रकिनारा नाही, त्यांचा माल शेजाऱ्यांच्या बंदरांतूनच येतो आणि मालाला वाट देण्याचे बंधन गॅटच्या कलम ५ मध्ये स्वतंत्रपणे आहेच. तरीही नवी भिंत अगदीच उभी राहिली नाही असे नाही: मार्च २०२५ मध्ये या तीन देशांनी आपल्या नव्या महासंघाबाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्का कर लावला.

तळटीप

वाटसरू यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. ब्रसेल्सला तशी सवलत देता आली नसती याचे कारण केवळ तिथला हट्ट नव्हे. उघड्या सीमेविरुद्ध उद्या कोणत्याही सदस्य देशातला एखादा उत्पादक आपल्या देशी न्यायालयात गेला असता आणि ते प्रकरण लक्झेंबर्गच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, न्यायालयापर्यंत पोहोचले असते. अर्धविराम यांनी प्रोटोकॉलचे कलम १२ अवश्य वाचावे. उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर तपासणी ब्रिटनचे अधिकारी करतात, पण तेथे हजर राहण्याचा हक्क युरोपीय संघाच्या प्रतिनिधींना आहे, आणि तेथे लागू असलेल्या संघाच्या नियमांचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार त्याच न्यायालयाकडे आहे. विंडसर चौकटीनेही त्याला हात लावलेला नाही.

माझ्या आधीच्या उत्तरात आणखी एक भर. १९ मे २०२५ च्या लंडन शिखर परिषदेत ब्रिटन आणि संघ यांनी पशू व वनस्पती आरोग्याविषयी सामाईक कराराकडे जाण्याचे ठरवले आहे. तो झाला तर मांसाच्या ट्रकांवरच्या तपासण्या दोन्ही बाजूंनी बऱ्याच कमी होतील, मात्र त्यासाठी ब्रिटनला संघाचे त्या क्षेत्रातले बदलते नियम पाळत राहावे लागतील. त्यामुळे टिपण पूर्ण करण्याआधी या वाटाघाटी कोठवर आल्या आहेत, हे एकदा पाहून घ्यावे.